दौंडच्या परमिट रूममधलं जेवण

शेजारी सुके बोंबील भाजले, की मला दौंड स्टेशनबाहेरची ती परमिट रूम आठवते. पुण्याची गाडी उशिरा होती, म्हणून तुमच्या आजोबांबरोबर मी तिथे पहिल्यांदाच जेवायला गेले. फॅमिली सेक्शनमध्ये फिनेलचा आणि बिअरचा आंबूस वास होता. वेटर ओळखीचं हसला. “आप्पा, आज फॅमिलीत व्हय? थांबा, तुमचं हितंच आणतो.” “तुमचं म्हणजे काय हो?” मी यांना विचारलं. यांनी चष्मा न लावताच मेनूकार्ड वाचायला घेतलं. रोज संध्याकाळी हे स्टेशनकडे फिरायला जात. म्हणजे चोरून पितात, अशी माझी खात्रीच झाली. इतक्यात ताट आलं. त्यात बाजरीची भाकरी आणि लसणावर परतलेले सुके बोंबील होते. माझ्या स्वयंपाकघरात ते कधी शिजले नाहीत. “तुला वास सोसत नाही ना,” हे पुटपुटले. मी यांचा ग्लास उचलून हुंगला. साधं पाणी होतं. “झाली तपासणी?” यांनी विचारलं. अजूनही आम्ही कुठे बाहेर जेवायला बसलो, की हे घोट घेण्याआधी ग्लास आपणहून माझ्याकडे सरकवतात, आणि मी हुंगते.