उपड्या डब्यावरची प्रार्थना

पेंटरचा हात असा, की त्याने काढलेला 'ळ' बघायला माणसं सायकल थांबवायची. ही त्याची शुद्धीतली ख्याती. बेशुद्धीतली ख्याती त्याहून दूरवर पोचलेली होती.

चौकातल्या दातांच्या डॉक्टरांनी पाटीसाठी मजकूर दिला होता, 'येथे विनावेदना दात काढले जातात'. पेंटरने जेवणाआधी घशाखाली काय ते ओतलं आणि पाटीवर उतरलं, 'येथे विनावैद्य दात काढले जातात'. डॉक्टरांनी पहिला दात काढण्याआधीच अख्खं गाव दात काढू लागलं. समोरच्या बेकरीवाल्याला 'रोज ताजा पाव मिळेल' असं हवं होतं. पेंटरने 'व'च्या जागी 'प' बसवला आणि बेकरीत रोज ताजं पाप मिळू लागलं.

लोक हसायचे, पेंटरही हसायचा. बायको तेवढी हसत नव्हती.

मग एक दिवस हसणं संपलं. धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली शिकलेला. पेंटरने अक्षरं आखायची, धाकट्याने भरायची, अशी जोडी. एका गोदामाच्या उंच भिंतीवर काम चाललं होतं. धाकटा शिडीवर, आणि खाली शिडी धरायला पेंटर. पेंटर 'रंग घेऊन येतो' म्हणून गेला. परत आला तेव्हा शिडी आडवी आणि भाऊ फरशीवर. भावाचा खुबा मोडला. हाड जुळलं, पण चाल कायमची वाकडी झाली. शिडीचं काम सुटलं. तो एका दुकानात मशीनवर पाट्यांची प्लॅस्टिकची अक्षरं कापायला लागला आणि थोरल्या भावाशी बोलायचा बंद झाला.

या दुःखावर पेंटरने जो उपाय केला तो आधीपासूनच चालू होता. तो आणखी पिऊ लागला. शेवटी बायकोनेच त्याला दंडाला धरून दवाखान्यामागच्या एका खोलीत नेऊन बसवलं. तिथे दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं जमायची. खोलीची कारभारीण होती एक निवृत्त नर्सबाई. तिने स्वतः उमेदीची वर्षं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भलतंच भरून काढली होती, त्यामुळे तिला गंडवणं कोणाच्या बापाला जमत नसे.

"सकाळी उठलास की पहिलं काम, देवाशी बोलायचं," नर्सबाई म्हणाली.

"देवाशी माझं बोलणं नाही."

"मग बोलू नकोस. नुसता बस. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारात बसायला काय हरकत आहे?"

पेंटर दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत रंगाचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर बसू लागला. डोळे मिटले की देव सोडून बाकी सगळे यायचे. वीजबिल यायचं, मेहुणा यायचा, गुत्त्याचा मालक तर खुर्ची घेऊनच यायचा. बायको आतून बघत असायची. पूर्वी हा माणूस पहाटे उठायचा तो टर्पेंटाइनच्या डब्यामागे लपवलेली बाटली शोधायला. म्हणून पहिले काही दिवस ती त्याचं बसणं झालं की गॅलरीतला डबा न् डबा हुंगून यायची. पेंटरला राग यायचा, पण बोलायला तोंड नव्हतं.

हळूहळू अबोला सुटला. पेंटरची प्रार्थना काही फार सुरेख नव्हती. "वर जो कोणी असशील तो. आजचा दिवस मला प्यायला लावू नकोस. उद्याचं उद्या बघू. आणि मेहुण्याला सुबुद्धी दे." नर्सबाईने मेहुण्याचं कलम काढायला लावलं. "स्वतःच्या बुद्धीचं माग," म्हणाली.

डोकं ताळ्यावर आल्यावर तिने पुढचं काम सांगितलं. ज्यांचं वाकडं केलंस त्यांच्याकडे जा आणि होईल तेवढं सरळ कर.

पेंटर आधी बेकरीत गेला. बेकरीवाल्याने त्याला भर गिऱ्हाइकात हवं तेवढं झापलं आणि तिथल्या तिथे 'प'चा 'व' करून घेतला. वर म्हणाला, "उपकार नाही केलेस." पेंटरला वाटलं, निदान एक शब्द गोड बोलला असता. मग वाटलं, शब्द आपण वाकडा लिहिला, त्याने गोड का बोलावं?

डॉक्टरांकडे मात्र उलटंच झालं.

"पाटीला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "लोक हसत हसत आत येतात. हसणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं. माझं निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंय."

पेंटर खुशीत नर्सबाईला सांगायला गेला. तिने चष्म्यावरून बघितलं. "दातांच्या डॉक्टरापर्यंत पोचलास. सख्खा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो, तिथे पोचायला काय गाडी पाठवू?"

त्या रविवारी पेंटर डब्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला आणि मग गेला. भावजयीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. धाकटा खिडकीशी पाय लांब करून बसला होता.

"बस," तो म्हणाला.

पेंटर बसला. पाठ करून आणलेली वाक्यं तो मनात पहिल्यापासून जुळवू लागला. शेवटी धाकट्यानेच विचारलं, "दादा, त्या दिवशी कुठे गेला होतास?"

इतकी वर्षं पेंटरचं उत्तर ठरलेलं होतं, रंग आणायला. आता तो म्हणाला, "प्यायला. रंग भरपूर होता."

"माहीत आहे. वरून दिसत होतास. उंचावरून गुत्त्याचं दार चांगलं दिसतं."

पेंटर त्याच्याकडे बघतच राहिला. "मग उतरला का नाहीस, शहाण्या?"

"'क' अर्धा राहिला होता."

पेंटरच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच त्याला हुंदका आला. दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. भावजयीने पाणी आणून दिलं.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," धाकटा म्हणाला. "जिना उतरताना रोज तुझ्यावर राग येतो."

"येऊ दे. मी काय करू ते सांग."

धाकट्याने बराच विचार केला. "हाडांच्या डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय. एकट्याला कंटाळा येतो. चालशील?"

तेव्हापासून पेंटरची सकाळ ठरून गेली. आधी डबा, मग भाऊ. तळ्याभोवती दोघं फेरी मारतात. पेंटरला भरभर चालायची सवय, धाकट्याचा पाय सावकाश पडतो. भावाच्या पावलाशी पाऊल जुळवायला पेंटरला दिवसेंदिवस शिकावं लागलं. कधी दोघं अख्खी फेरी गप्प असतात, कधी मशीनच्या अक्षरांना जीव नसतो यावर भांडतात.

परवा पेंटर आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. अर्धी फेरी झाल्यावर म्हणाला, "आज प्यावीशी वाटतेय. डब्यावर बसलो, सगळं मागून झालं, तरी वाटतेय."

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं नाही. "आज एक फेरी जास्त मारू."

एकीच्या दोन झाल्या, मग आणखी एक. दुकानं उघडायला लागली. धाकट्याला घाम फुटला, पाय ओढायला लागला, तरी तो थांबेना. शेवटी पेंटरच म्हणाला, "पुरे आता. गेली ती तलफ."

"नक्की?"

"आजच्यापुरती तरी नक्की."

धाकटा बाकावर टेकला आणि खुबा चोळत म्हणाला, "उद्या डब्यावर बसशील तेव्हा वरच्याला सांग, याच्या पायाचाही जरा विचार कर म्हणावं."

पेंटर खाली बसला आणि भावाच्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागला.