एकमताला माझा विरोध

शारजातल्या आमच्या मराठी मंडळात निवडणूक कधी झालीच नाही. दरवर्षी अध्यक्षांच्या अल मजाज भागातल्या घरी तीन-चार जोडपी जमत, पोहे होत, नावं ठरत आणि पुढच्या सभेत तीच नावं ‘एकमताने’ निवडून येत. मी मंडळाची सचिव होते. हॉल, माइक, जेवणाची ऑर्डर, लांबून येणाऱ्यांना कोणाच्या गाडीत बसवायचं, सगळं माझ्याकडे. कामं वेळेवर होत होती, त्यामुळे या एकमताबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

मग २००८ची मंदी आली. अल नहदाच्या आमच्या टॉवरमधून दर आठवड्याला कोणाचं तरी सामान खाली उतरू लागलं. आमच्याच मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची बांधकाम कंपनीतली नोकरी गेली, पाठोपाठ घरातल्या सगळ्यांचे व्हिसा रद्द झाले. तो काम शोधायला पुण्याला गेला. मुलांचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत ती व्हिजिट व्हिसावर इथेच राहिली.

मंडळाचा शुक्रवारचा मराठी वर्ग ती घ्यायची. त्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनासाठी ती मुलांकडून घटनाकारांवरची भाषणं बसवत होती. जन्मगाव, पदव्या, हाल-अपेष्टा हा नेहमीचा मजकूर तिने एका परिच्छेदात उरकला. घटना कितीही चांगली असली तरी राबवणारी माणसं वाईट निघाली तर ती वायाच जाते, आणि नेता कितीही थोर असला तरी त्याच्या भक्तीपायी आपली अक्कल गहाण टाकू नये, हे त्यांचं म्हणणं मुलांना कळायला हवं, असा तिचा हट्ट होता. ते कळावं म्हणून एसीच्या झोताखाली कोणी बसायचं हे ती मुलांना हात वर करून ठरवायला लावायची. माझी मुलगी घरी येऊन सांगायची, “वी लॉस्ट टुडे. बट नेक्स्ट फ्रायडे परत व्होटिंग आहे.”

कार्यक्रमाच्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. नियमाप्रमाणे रेसिडेन्स व्हिसा असेल तोच सभासद, तेव्हा वर्ग आता दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल, असं ते म्हणाले. नियम होता, हे खरं. पण कोणाची बहीण, कोणाचे सासरे व्हिजिटवर येऊन मंडळाच्या नाटकांत कामं करून गेले होते, तेव्हा तो कोणाला आठवला नव्हता. नोकरी गेलेल्या घराची सावली नको, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि तिच्याकडे त्या वर्गाशिवाय आपलं म्हणावं असं इथे काही उरलं नव्हतं.

हे अध्यक्ष माझ्या नवऱ्याचे ऑफिसातले साहेब. कपातीची यादी त्यांच्याच टेबलावरून जायची. नवरा म्हणाला, “अगं, आत्ता नको. वर्षभराने काय भांडायचं ते भांड.” वर्षभराने ती इथे असणार नव्हती.

शुक्रवारी मुलांची भाषणं झाली, टाळ्या झाल्या, बटाटेवडे झाले. मग सभा. अध्यक्षांनी वर्गाचा ठराव वाचला आणि एकमताने मंजूर ना, असं विचारत कागदाची घडी घालायला घेतली. मी उभी राहिले. म्हटलं, माझा विरोध आहे, मतदान घ्या.

मागून कोणीतरी म्हणालं, “वहिनींना तिकीट द्या रे.” लोक हसले.

अध्यक्षही हसले. “वहिनी, आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात मतं मोजतात का?”

“कुटुंबात नोकरी गेलेल्याला बाहेर काढतात का, भाऊजी?”

“घ्या मतदान,” ते म्हणाले. सचिव मीच असल्यामुळे हात मोजायचं कामही माझंच होतं. ठरावाच्या बाजूने भराभर हात वर आले. विरोधात कमी. नवऱ्याने दोन्ही वेळेला हात मांडीवरच ठेवले. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या मैत्रिणीने विरोधात हात वर केला होता. अध्यक्ष म्हणाले, “तो धरू नका.” मी धरला.

आम्ही स्पष्ट हरलो. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच इतिवृत्तात मी ‘बहुमताने’ असा शब्द लिहिला, सही केली आणि सचिवपदाचा राजीनामा त्याच टेबलावर ठेवला.

गाडीत नवरा म्हणाला, “परवा रविवार, ऑफिस सुरू. मला त्यांच्या केबिनमध्ये जायचंय.”

“जा. आणि मान खाली घालू नकोस.”

पुढच्या शुक्रवारी तिचा वर्ग आमच्या घरी भरला. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, सतरंज्या टाकल्या. कोण येईल याची खात्री नव्हती. ज्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले होते त्यांच्यातल्याही काहींनी मुलं पाठवली. वर न येता लिफ्टपाशी सोडून गेले. मी कोणाला काही विचारलं नाही. मार्चअखेरपर्यंत तिने शिकवलं आणि ती पुण्याला गेली.

उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. त्या सभेमुळे गेली की जाणारच होती, मला माहीत नाही. बऱ्याच महिन्यांनी त्याला मुसाफाच्या औद्योगिक भागात काम मिळालं आणि आम्ही शारजा सोडून तिथून जवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आलो. गप्प बसली असतीस तर, असं अजूनही कोणी ना कोणी म्हणतं. म्हणू देत. राहत होतो त्या देशात आम्ही पाहुणे, आणि भारतातल्या मतदानाच्या दिवशी आम्ही नेहमी इथे. हात वर करता येईल अशी आम्हाला मंडळाची एवढी एकच खोली होती. तिथेही मी बसून राहिले असते, तर मुलीकडून घटनाकारांवरचं ते भाषण पाठ करून घ्यायचा मला काही अधिकार नव्हता.