लाल चौकोन कोणी ठरवला?

मिस रूथ यांनी आपली वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यातली चूक शोधून दाखव. सापडली, तर रविवारी मी तोंड उघडणार नाही."

मिस रूथ निवृत्त गणित शिक्षिका आहेत आणि आमच्या क्लबच्या सर्वांत जुन्या चाहत्या. इथे अमेरिकेच्या दक्षिणेत वडीलधाऱ्या बायकांच्या नावाआधी 'मिस' लावतात. मला त्यात आपलं 'काकू' ऐकू येतं. वहीत पेन्सिलने आखलेले रकाने होते. कोणता खेळाडू बाहेर गेला, कितव्या मिनिटाला, आणि त्या वेळी स्टँडमध्ये बसलेला इन्व्हेस्टर काय करत होता. शेवटच्या रकान्यात एकच शब्द वारंवार आला होता: फोन.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लहानशा रग्बी लीग क्लबमध्ये स्पोर्ट्स सायंटिस्ट आहे. पुण्यात फिजिक्स शिकले, इथे येऊन बायोमेकॅनिक्समध्ये पीएचडी केली. हा खेळ आपल्याकडे फारसा दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. दोन्ही बाजूंनी तेरा खेळाडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरचे धरून खाली पाडतात, साधारण कबड्डीतल्या पकडीसारखं. तो उठतो, चेंडू टाचेने मागे ढकलतो, खेळ पुढे सरकतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे. सर्वांत वजनदार खेळाडूंना प्रॉप म्हणतात. समोरच्या भिंतीवर पुन्हा पुन्हा जाऊन आदळणं, हे त्यांचं काम. ते लवकर दमतात, म्हणून कोच त्यांना मध्येच बाहेर बोलावून विश्रांती देतो आणि पुन्हा आत पाठवतो. कोणाला कधी बाहेर काढायचं, यात कोचचं निम्मं कौशल्य असतं.

आमचा लाडका प्रॉप म्हणजे ताविता. गेल्या वर्षी तो सुरुवातीचा अर्धा तास सलग खेळायचा. यंदा वीस मिनिटांच्या आतच बाहेर येत होता. आणि यंदाच क्लबमध्ये नवा इन्व्हेस्टर आला होता. चाहत्यांनी या दोन गोष्टी जोडल्या. इन्व्हेस्टर स्टँडमधून फोन करतो आणि कोच डॅरेन मुकाट्याने ऐकतो, असं ते उघड बोलू लागले. एका सामन्यात डॅरेनसाठी कोणीतरी दोऱ्यांनी हलणारी कठपुतळी आणली होती.

हे इन्व्हेस्टर म्हणजे मॉरिसव्हिलचे सुधीरकाका. नात्याने नव्हे, महाराष्ट्र मंडळातले. सॉफ्टवेअर कंपनी उभी करून विकलेले. क्लबमध्ये माझी जागा निघाली आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं होतं. मुलाखती रीतसर झाल्या, तरी हा तपशील मी कोणाला सांगत फिरत नव्हते.

मिस रूथ गेल्यावर जनरल मॅनेजर लिंडाने मला बोलावलं.

"रविवारी फॅन फोरम आहे, चाहते समोरासमोर प्रश्न विचारणार. सोमवारी बोर्ड डॅरेनचं काँट्रॅक्ट ठरवणार. मला एक स्लाइड दे: इन्व्हेस्टर कोचिंगमध्ये ढवळाढवळ करत नाही."

"आणि डेटा उलटं सांगत असेल तर?"

"तर डॅरेन सोमवारी घरी जाईल. चाहत्यांचा विश्वास नसलेला कोच बोर्ड ठेवणार नाही." मग ती म्हणाली, "तसं सांगत नसेल ना?"

निष्कर्ष आधी आणि निरीक्षणं नंतर, ही पद्धत मला शिकवलेली नाही. पण कुतूहल चाळवलं होतं. मी वही घेऊन बसले.

पहिली तपासणी सोपी होती. फोन हेच कारण असेल, तर काका नसताना परिणाम दिसायला नको. बहिणीच्या साठीच्या समारंभासाठी काका पुण्याला गेले होते, तेव्हा आमचे दोन सामने झाले. वहीत त्या दोन ओळींसमोर 'गैरहजर' लिहिलं होतं. ताविता मात्र दोन्ही वेळा ठरल्यासारखा बाहेर आला होता. म्हणजे फोन कारण नव्हे. लिंडाची स्लाइड तयार होती.

तिथे थांबता आलं असतं. पण वही पुरती समजली नव्हती. काका हजर असताना ते फोनकडे बघत आणि मिनिटभरात ताविता बाहेर येई, हे निरीक्षण मिस रूथ यांनी इतक्या वेळा नोंदवलं होतं की त्याला योगायोग म्हणणं आळशीपणाचं ठरलं असतं. दोन गोष्टी सतत बरोबर घडत असतील आणि एक दुसरीचं कारण नसेल, तर दोन्हींच्या मागे तिसरी शोधायची. ती काय?

मी डॅरेनकडे गेले. तो मैदानावर सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होता.

"तावितावर नाराज आहेस का?"

"मी? त्याच्यासारखे अजून दोन असते, तर मी रात्री झोपलो असतो."

"मग इतक्या लवकर का काढतोस?"

त्याने हातातले कोन खाली ठेवले. "डॉक, मी कुठे काढतो? तू काढतेस."

"मी?"

"टॅबलेटवर तो लाल होतो. लाल म्हणजे दमला, इंज्युरीचा धोका. सायन्सवाले सांगतात, तेव्हा मी पोरांच्या गुडघ्यांशी जुगार खेळत नाही."

टॅबलेट म्हणजे माझा डॅशबोर्ड. खेळाडूंच्या बनियनमध्ये, पाठीवर, जीपीएसचा लहान डबा असतो. कोण मिनिटाला किती मीटर हलला, हे त्यावरून कळतं. डॅरेनच्या स्क्रीनवर प्रत्येक खेळाडूचा एक चौकोन असतो. त्यात आकडे असतात आणि चौकोनाला रंग.

तिसरी गोष्ट सापडली होती. काकांच्या फोनवरही तोच डॅशबोर्ड होता. फक्त बघण्यापुरतं लॉगिन मीच त्यांना दिलं होतं. चौकोन लाल झाला की काका फोनकडे वाकायचे आणि त्याच क्षणी डॅरेन हात वर करायचा. दोघे एकमेकांशी नव्हे, एकाच चौकोनाशी बोलत होते.

मला फार बरं वाटलं. साधारण दहा मिनिटं. मग प्रश्न पडला: कोणत्या आकड्याखाली लाल, हे कोणी ठरवलं?

आमच्याकडे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची आपोआप नोंद राहते: कोणी केला, कधी केला, आणि करणाऱ्याने लिहिलेली एक ओळ. मी मागे जात राहिले. पहिल्या दोन सामन्यांत रंग नव्हतेच, नुसते आकडे होते. तिसऱ्या सामन्याच्या आदल्या रविवारची नोंद मिळाली. करणारी: केतकी, म्हणजे मीच. टीप: 'काकांचे रंग, तात्पुरते.'

मग सगळं आठवलं. काकांकडे आमरस-पुरीचं जेवण होतं. रस डब्यातला, पण पुऱ्या काकूंच्या हातच्या. मी कौतुकाने डॅशबोर्ड दाखवत होते. काका म्हणाले, "एवढे आकडे मॅचमध्ये कोण वाचणार? आमच्याकडे सर्व्हर अमुक रेषेच्या खाली गेला की लाल. विचारच करायला नको. असं करता येईल?" मी "हो काका" म्हटलं आणि तिथेच लॅपटॉप उघडून केलं. रेषाही त्यांनीच सुचवली. सगळ्यांना एकच.

चूक तिथे होती. कडेने पळणाऱ्या खेळाडूला आणि प्रॉपला एकच रेषा लावता येत नाही. प्रॉप कमी मीटर जातो, कारण त्याचा वेळ आदळण्यात आणि उठण्यात जातो. तो दमला म्हणून लाल होत नव्हता. आपलं काम करत होता म्हणून लाल होत होता. आमचा दुसरा प्रॉपही असाच लवकर बाहेर येत होता, पण त्याच्या नावाचे टी-शर्ट कोणी घालत नसल्याने ओरड झाली नव्हती. हे समजायला पीएचडी लागत नाही. इतर कोणी हा बदल सुचवला असता, तर मी त्याला चार प्रश्न विचारले असते. काकांना एकही विचारला नाही.

मी फोन लावला.

"काका, तो लाल रंग तुमच्या सांगण्यावरून लावलाय."

"कुठला लाल?" त्यांना आठवेना. मी सांगितलं. "अगं, मी सहज म्हटलं होतं. तू शास्त्रज्ञ. पटलं नव्हतं तर नाही म्हणायचंस."

"तुमच्या टेबलावर बसून? काकू पुरी वाढत असताना?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून काकू म्हणाल्या, "आता माझ्या पुरीवर नका ढकलू दोघं!"

काका हसले नाहीत. "रविवारी हे सांगायलाच हवं का? रंग काढून टाक, डॅरेनला सांग, विषय संपला."

"हे काका म्हणून सांगताय की इन्व्हेस्टर म्हणून?"

त्यांनी स्पीकर बंद केला. मग ते म्हणाले, "उद्या फोन करतो." केला नाही.

मी लिंडाला सगळं दाखवलं. ती म्हणाली, "तुझी पहिली तपासणीच स्लाइडवर टाक. इन्व्हेस्टर पुण्यात, ताविता बाहेर. खोटं तर नाही त्यात."

"खोटं नाही. पण मिस रूथ पुढचा प्रश्न विचारतील."

"आणि तुझं काय होईल, कळतंय ना? तुझा व्हिसा या नोकरीवर आहे."

कळत होतं. पण डॅरेनची नोकरी माझ्या एका ओळीच्या टिपेवर जाणार होती आणि त्याला ती ओळ माहीतही नव्हती. आधी त्याला सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "म्हणजे मी सायन्स समजून एका माणसाचं मत पाळत होतो." रागावला असता तर सोपं गेलं असतं.

फोरम शाळेच्या कॅफेटेरियात होता. मी दोनच स्लाइड दाखवल्या. एकीवर काका पुण्यात असतानाचे दोन सामने, दुसरीवर माझी नोंद, टिपेसकट.

मिस रूथ उठल्या. "म्हणजे माझी वही चूक?"

"शेवटचा रकाना चूक. शंका बरोबर."

"सरळ सांग. ताविताला बाहेर कोणी काढलं? इन्व्हेस्टरने, कोचने की तू?"

"सुचवलं इन्व्हेस्टरने. मी न तपासता केलं. कोचला कोणीच सांगितलं नाही."

मागच्या रांगेतून काका उभे राहिले. ते आलेत, हे मला माहीत नव्हतं. "मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "जेवताना."

कोणीतरी मोठ्याने हसलं. हसणारा कठपुतळीवाला नव्हता; तो डॅरेनकडे बघत होता आणि डॅरेन आपल्या बुटांकडे.

सोमवारी बोर्डाने डॅरेनला आणखी एका वर्षाचं काँट्रॅक्ट दिलं. माझ्या फाइलमध्ये एक लेखी ताकीद गेली. नोकरी राहिली. काकांनी आपलं लॉगिन स्वतःहून परत केलं. आता त्यांना दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळतो, मिस रूथ यांना मिळतो तोच. पुढच्या सामन्यात ताविता अर्धा तास सलग खेळला. आम्ही हरलो. मिस रूथ यांनी तेही लिहून घेतलं.

डॅशबोर्डमध्ये कोणताही बदल हवा असेल, तर आता एक फॉर्म भरावा लागतो. त्यावर माझ्याखेरीज डॅरेनची सही लागते. पहिलाच प्रश्न आहे: या बदलामुळे कोणी मैदानाबाहेर जाऊ शकतो का?

मागच्या महिन्यात काकांकडे पुन्हा जेवायला गेले होते. त्यांना एक नवी कल्पना सुचली होती. मी "हो काका" म्हटलं, पुरी खाल्ली आणि फॉर्मची लिंक पाठवली. अजून भरून आलेला नाही. फॉर्म फार लांब आहे, अशी त्यांची तक्रार आहे. मी तो मुद्दामच तेवढा ठेवला आहे.