लालमियाँ मनियारांच्या अकलेची तपासणी

लालमियाँ मनियारांना मी एक प्रश्न विचारायचो आणि ते मला अख्ख्या भोकरदन तालुक्यातल्या मनगटांची माहिती द्यायचे.

"तुमचं वय काय?"

"केदारखेड्याच्या थोरल्या पाटलीनबाईचा चुडा माह्या बापानं भरला. मी तवा पेटी धरून उभा व्हतो. हात असा कडक, डाक्टरसाब, की बापाला घाम फुटला."

"पाटलीणबाईचं राहू द्या. तुमचं वय सांगा."

"त्येच सांगून राह्यलो ना."

हैदराबादेत वैद्यकी शिकून मी बदनापूरच्या दवाखान्यात आलो, त्याला वर्षही झालं नव्हतं. वृद्ध माणसाच्या बुद्धीची तपासणी कशी करायची, हे आम्हाला चार तास शिकवलं होतं. आधी नाव, गाव, तारीख. मग जन्मापासूनची हकिगत क्रमानं. मग स्मरणशक्ती, हिशेब, शेवटी निर्णयशक्ती. सगळे प्रश्न मी उर्दूत उतरवून आणले होते आणि ते कुणावर तरी वापरून बघायची मला घाई झाली होती. ताप, खरूज आणि नारू यांच्यापुढं इथं कुणाला डोकं तपासून घ्यायला सवड नव्हती. म्हणून केदारखेड्याचे धर्मराज पाटील घोड्यावरून आले आणि "एका म्हाताऱ्याचं डोकं ठिकान्यावर हाय का, ते लिहून पायजे" म्हणाले, तेव्हा मला खरं तर आनंद झाला होता.

पाटलांच्या मुलीचं लग्न खुर्दाद महिन्यात, म्हणजे ऐन एप्रिलात झालं. आदल्या दिवशी घरातल्या आणि भावकीतल्या बायकांना बांगड्या भरायला रिवाजाप्रमाणं लालमियाँना बोलावलं. भरून झाल्या तशा बायका एकेक करून जेवायला उठल्या. पाटलांची भावजय नंदाबाई फुटक्या काचा वेचायला ओट्यावर मागं राहिली. तिचा नवरा, म्हणजे पाटलांचा धाकटा भाऊ, ती बारा वर्षांची असताना वारला होता. बायका हात धुऊन परत आल्या, तर तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या.

"त्या तवाच फोडल्या," पाटील म्हणाले. "पण पाव्हन्यांनी पाह्यल्या ना. ती त तोंडच उघडत न्हाई. आमच्या घरातल्या बाया म्हनत्यात, म्हाताऱ्याला भान राह्यलं नसंल, बळंच भरल्या असतील. तसं असंल त आमचं काही म्हननं न्हाई. त्यानं घरी बसावं, गावोगाव फिरू नये. पण म्हातारा शहाना निघाला, त मंग तिनं सोताहून हात पुढं केला. मंग तिला घरात ठेवता येनार न्हाई."

"कुठं जाईल ती?"

"माहेरी कोनी न्हाई तिच्या. तुम्ही तेवढं डोक्याचं पाहा."

मी डोक्याचं पाहायला बसलो. बाकीचं माझं काम नव्हतं.

पहिल्या बैठकीला लालमियाँबरोबर त्यांची लेक मैमूना आली होती. मी प्रश्न बापाला विचारायचो, उत्तर ती द्यायची.

"आज तारीख कोणती, चाचा?"

"उनको क्या मालूम रहता," मैमूना म्हणाली. "लिखो, बिलकुल होश नहीं."

"आज बाजाराचा आदला दिस," लालमियाँ म्हणाले.

"फसली साल कोणतं?"

"साल सरकारचं. मला बाजार पुरतो."

"परसों चाय में दो बार शक्कर डाली," मैमूना म्हणाली. "और नींद में बोलते. लिखो जल्दी."

"चहात शक्कर तूच डालती. एकडाव मी डाली त दोनदा व्हनारच ना."

मी तिला बाहेर बसायला सांगितलं. ती दाराच्या चौकटीपर्यंत सरकली आणि तिथून मान हलवून उत्तरं देऊ लागली. मी उठून जवळ गेलो तर तिनं माझी बाहीच धरली. "डाक्टरसाब, दिन कैसे हैं, देखते ना? पाटील लोग अब्बा को मारेंगे तो पूछनेवाला कौन है? पागल लिख दो. पागल को कोई नहीं मारता." तिला मी सांगितलं की वैद्यकशास्त्र कुणाच्या सोयीनं लिहिता येत नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू दोन बार शक्कर मीच टाकली होती.

दुसऱ्या बैठकीला मी हिशेब घेतला. शंभरातून सात वजा करा, राहिले त्यातून पुन्हा सात.

"सातानं कोन मोजतं?"

"मोजून तर दाखवा."

"सात बांगड्या कोनी मागत न्हाई, डाक्टरसाब. कोन बाई मागून राह्यली ते सांगा. मी जाऊन तिला समजावतो."

बाहेर आमचे कंपाउंडर भुजंग फिस्कन हसले. मी दौत जरा जोरात ठेवली.

आयुष्याची हकिगत तर मला लालमियाँच्या आयुष्याभोवती जमलेल्या बायकांमधून चिमट्यानं काढावी लागली. जन्म बदनापुरातच. बाप मनियार, आजा मनियार. जालन्याच्या स्टेशनावर उतरलेला माल घ्यायचा, पेटी डोक्यावर, बांगड्यांच्या माळा खांद्यावर, आणि पायी केदारखेड्यापर्यंतची गावं घ्यायची. आठवड्यानं घरी. पोरीबाळींचे हात भरताना त्यांना रडू येऊ नये म्हणून एका गावच्या बातम्या दुसऱ्या गावी सांगायच्या. भरताना फुटली तर नुकसान मनियाराचं. भरून झालं की बाई, मग ती कितीही मोठ्या घरची असो, त्यांच्या पुढं वाकून नमस्कार करायची आणि हे म्हणायचे, "सलामत राह्य, बेटी."

"बायको?"

"प्लेगात गेली. मैमूना रांगत व्हती."

"दुसरं लग्न?"

"न्हाई केलं."

"का?"

"तिला बांगड्या मी कधी भरल्या न्हाई. नवऱ्यानं भरल्या त शेजारनी हसतात. तिचा भाऊ भरायचा. वाटलं व्हतं, म्हातारी झाल्यावर भरू, तवा कोन हसतं."

हे मी लिहून घेतलं. दोन दिवसांत स्वतःबद्दल दिलेलं त्यांचं सरळ असं हे एकच उत्तर. आता माणूस मोकळा झाला असं समजून मी लगेच पुढचा प्रश्न टाकला.

"नंदाबाईंच्या हातांत बांगड्या तुम्ही भरल्या?"

"माल अस्सल फिरोजाबादचा व्हता. पाटलांनी खर्चा केला व्हता बराबर."

"भरल्या का?"

"केदारखेड्यात मी सगळ्याईलेच भरतो. सोनूबाईचा हात तेवढा अडचनीचा. अंगठ्यापाशी हाड आल्तं—"

मी कागद गुंडाळून ठेवला आणि त्यांना घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मी मैमूनाला अंगणाच्या पलीकडं झाडाखाली बसवलं, भुजंगला औषधं कुटायला लावलं आणि दार लावून घेतलं. पाटील दुपारी कागद न्यायला येणार होते.

"चाचा, आता दुसऱ्या कुणाचाही हात सांगायचा नाही. नंदाबाई विधवा आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? हो किंवा नाही."

ते आपली बोटं चोळू लागले. बांगडी चढवताना बाईचा पंजा दाबून दाबून त्यांची बोटं चपटी झाली होती.

"माहीत व्हतं म्हनलं, त तिचं काय व्हईल?"

"तो माझा प्रश्न नाही."

"माहा तोच हाय."

"म्हणजे माहीत होतं."

"ती नऊ वर्षांची व्हती तवा तिच्या लग्नाचा चुडा मीच भरला व्हता. मनियाराला कोन सवाशीन, कोन न्हाई, हे माहीत नसलं त त्यानं धंदा कसा करावा?"

मला राग आवरेना. "मग तीन दिवस मला का फिरवलंत? पाटलांनी काय अट घातलीय ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला वाचवायचं होतं तर पहिल्या दिवशी वेड्यासारखं बोलायचं. नव्हतं वाचवायचं तर सरळ बोलायचं. हे मधलं काय?"

"येडा व्हायला मन व्हत न्हाई, डाक्टरसाब," ते म्हणाले. "येड्याच्या हातात उद्या कोन हात देईल?"

यावर माझ्या वहीत प्रश्न नव्हता. मी त्यांना उजेडात नेऊन डोळे तपासले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला उतरला होता. मला सुटल्यासारखं झालं. दृष्टी मंद, माणूस ओळखता येत नाही, असं लिहितो म्हणालो.

"सारा तालुका जानतो, मी डोळ्यानं भरत न्हाई, बोटानं भरतो. आन मला दिसत न्हाई, तिला त दिसून राह्यलं व्हतं ना? पाटील म्हनतील, मंग तिनं हात काऊन दिला?"

बरोबर होतं. निर्णयशक्तीच्या रकान्यात इतकं चोख उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं आणि ते मला कुठंही लिहिता येणार नव्हतं.

पाटील आले. मी अजून काहीच ठरवलं नव्हतं. त्यांनी पगडी नीट केली आणि लालमियाँच्या समोर बसले.

"चाचा, मला ओळखलं का?"

लालमियाँ त्यांच्याकडं बघत राहिले. मग उठून उभे राहिले.

"पाटलीनबाईला म्हनावं, हिरवा माल येऊन राह्यला. हात भिजवून ठेवा म्हनावं, मांगच्यासारखं व्हायला नको. धर्मा लई रडतो का अजून?"

थोरल्या पाटलीणबाईंना, म्हणजे धर्मराज पाटलांच्या आईला, जाऊन वीस वर्षं झाली असतील. पाटलांच्या तोंडावरचा ताण उतरला. त्यांनी लालमियाँच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि मला म्हणाले, "लिहा डाक्टर. बिचाऱ्याचं काही राह्यलं न्हाई. आमच्या नंदाबाईनं बळंच सोसलं म्हनायचं."

मी लिहिलं. वार्धक्यामुळं बुद्धिभ्रंश, आपल्या कृत्याचं भान नाही. खाली सही. त्या चार तासांच्या शिक्षणावर केलेलं माझं ते पहिलं लेखी निदान, आणि ते नखशिखांत खोटं. पाटलांनी कागद चौपदरी घडी करून खिशात ठेवला.

घोड्याच्या टापा लांब गेल्यावर मी लालमियाँकडं वळलो. "आता तरी सांगा. तिनं मागितल्या होत्या का?"

"येड्याला काय इचारता, डाक्टरसाब," ते म्हणाले आणि पेटी उचलली.

ओसरीत रोग्यांची रांग बसलेली होती. त्यातली गोजरबाई कडेवरचं तापलेलं पोर सावरत म्हणाली, "मनियारचाचा, घटकाभर थांबा की. पेटी आनलीच हाय त दोन-दोन भरा." तिनं हात पुढं केलाही.

"त्यांच्याकडून नका भरू, बाई," भुजंग आतून म्हणाले. "डोक्यावर परिनाम झालाय. आत्ताच पाटलांना लिहून दिलं."

गोजरबाईनं हात मागं घेतला, पदराखाली. लालमियाँ थांबले नाहीत. मैमूना झाडाखालून उठून आली. तिनं त्यांच्या डोक्यावरची पेटी आपल्या डोक्यावर घेतली, आणि इतकी वर्षं मोकळ्या डोक्यानं चालायची सवय नसल्यामुळं ते तिच्या मागून मान ताठ धरूनच गेले.

मी भुजंगला आत बोलावून तासडलं. कुणी विचारलं होतं तुम्हाला? दवाखान्यातली गोष्ट ओसरीत कशी सांगता? ते हातातला खल तसाच धरून उभे होते.

"साहेब," ते म्हणाले, "कागदावर तेच लिहिलंय ना?"

मी त्यांना पुढचा रोगी आत पाठवायला सांगितलं.