तिसऱ्या रविवारची हरकत

सासूबाई गोड बोलायला लागल्या की मी सावध होते. घटस्फोट होऊन काही वर्षं झाली, तरी पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये भेटल्या की अजून मला ‘सूनबाई’ म्हणतात. कशाला म्हणावं?

माझं दुसरं लग्न ठरलं, उरणच्या एका विधुराशी. पाळकसाहेबांकडे गेलो, तर त्यांच्या कपाळाला आठ्या. माझा घटस्फोट संमतीचा. वकील म्हणाला होता, चिखलफेक नको, लवकर सुटाल. म्हणून नवऱ्याची बाहेरची बाई मी कोर्टात काढलीच नाही. चांगुलपणा नडला, दुसरं काय.

“नुसत्या मर्जीने मोडलेलं लग्न शास्त्र मानत नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “जोडीदाराने व्यभिचार केला असेल, तर निर्दोष माणसाला मोकळीक आहे. पण तुझ्या कागदात तसं अवाक्षर नाही.”

नवऱ्याचं ते प्रकरण अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. साक्ष द्यायची म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, “तुझ्या शब्दावर तीन रविवार लग्नाची सूचना वाचतो. कोणी हरकत घेतली तर मात्र मला थांबावं लागेल.”

पहिल्या रविवारी सासूबाईंनी बाहेर माझा हात हातात घेतला. “सुखी राहा, सूनबाई.” दुसऱ्या रविवारी डबाभर नानकटाई दिली. नाताळ नाही, काही नाही, नानकटाई कशाला? मी ती शेजारणीला देऊन टाकली आणि संध्याकाळी शेजारीण धडधाकट आहे ना, ते बघून आले.

“तू उगाच संशय घेतेस,” उरणचे म्हणाले. “म्हातारी मायेने करते.”

“तुम्ही तिची माया बघितली नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय.”

तिसऱ्या रविवारी सूचना वाचून पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? सासूबाई उठल्या.

“हरकत अशी नाही. पण माझा मुलगा समेटाला तयार आहे. शास्त्र आधी समेटच सांगतं ना?”

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. समेटाचं नाव निघालं की लग्न लटकलं, आणि उरणच्यांनी तरी किती थांबायचं? मग मात्र मला असा संताप आला की मी जागेवरूनच विचारलं, “तयार आहेत, तर आज आले का नाहीत? कुठे आहेत?”

“घरी.”

“कुठल्या घरी, आई?”

“नेरे गावी, त्याच्या घरी.”

“तिथे आणखी कोण राहतं?”

या बाई स्वयंपाकघरात शंभर खोटं बोलतील. पण चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलायची त्यांची छाती नाही, हे सून म्हणून मला पक्कं माहीत होतं. त्या समोरच्या क्रूसाकडे बघत राहिल्या.

“ती राहते,” त्या म्हणाल्या. “आणि माझी नात.”

पाळकसाहेबांनी चष्मा परत लावला. “साक्ष झाली. आई, तुम्ही बसा.”

त्या बसल्या. शेजारच्या बायका जरा सरकल्या. त्या पोरीला त्यांनी आजवर कधी नात म्हटलं नव्हतं.