मावशींची शेवटची हाक

आमच्या बालवाडीतल्या मावशींना न घाबरणारी माणसं या किनाऱ्यावर एकाच प्रकारची सापडतील, आणि ती सगळी पाच वर्षांच्या आतली असतील. बाकीचे सगळे, म्हणजे ट्रेलर चालवणारे बाप, मासळी विकणाऱ्या खमक्या आज्या, चर्चचे फादर आणि मीसुद्धा, मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या की दचकायचो. त्यांच्या पावलांचा आवाज यायचा नाही. मी त्यांना मुद्दाम चटचट वाजणाऱ्या रबरी चपला आणून दिल्या. त्याही त्यांच्या पायात गेल्यावर मुक्या झाल्या.

चर्चच्या आवारातलं पाळणाघर आणि बालवाडी मी चालवते. दोन खोल्या, मागे खाडी. मुलं सगळ्या घरांतली: मिठागरवाल्यांची, कोळ्यांची, न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला जाणाऱ्यांची. सकाळी येशूची प्रार्थना होते आणि घरी गणपती बसवणारी मुलंच ती जास्त मोठ्याने म्हणतात. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. हजेरीवर, धुतलेल्या हातांवर आणि वेळेवर भरलेल्या पाण्याच्या टाकीवर आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे गैरसमज व्हायला जागा आहे.

मावशी बायबलातल्या महापुराची, नोहाच्या तारवाची गोष्ट फार रंगवून सांगायच्या. फक्त तारवात काय चाललं होतं याच्यात त्यांना रस नव्हता. त्या तारवाबाहेरच्यांची गोष्ट सांगायच्या. एका कोळ्याच्या पोरीने विचारलं, मासे बुडले का? तर म्हणाल्या, मासे मजेत होते. आणि बाकीचे? "बाकीचे हायेत अजून तळाशी. वर बघतात." मुलांचं समाधान झालं आणि ती खिचडी खायला बसली. माझं व्हायला वेळ लागला. परतताना खाडीकडे बघायचं मी टाळलं.

मुंबईहून एक बाई आम्हाला खेळातून शिक्षण शिकवायला आल्या होत्या. त्यांनी भावना ओळखायची कार्डं आणली: हसरा चेहरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. मावशींनी रंगखडूने आणखी एक कार्ड काढलं. गोल चेहरा, आत काहीच नाही. ही कुठली भावना, असं बाईंनी हसून विचारलं. मावशी म्हणाल्या, "हा इथं बसलाय, पण इथं न्हाय." बाईंचं हसू तसंच राहिलं. पण मुलांना तेच कार्ड सर्वांत आवडलं. कुणी एखादा सकाळी येऊन गप्प बसला की बाकीची पोरं ते कार्ड नेऊन त्याच्या मांडीवर ठेवायची. दुपारपर्यंत त्याला हमखास ताप चढायचा. मी ते कार्ड कपाटात ठेवलं नाही, कारण थर्मामीटरपेक्षा ते लवकर सांगायचं.

दुपारच्या झोपेला मावशी कुणाला थोपटायच्या नाहीत, गाणं म्हणायच्या नाहीत. चटयांच्या मधोमध बसून नुसता मोठ्याने श्वास घ्यायच्या. थोड्या वेळाने सगळी खोली त्यांच्याबरोबर श्वास घ्यायला लागायची, जणू तिथे एकच छाती आहे. एकदा सिलिंडर आल्याचं सांगायला मी दारात गेले आणि चौकटीला टेकून उभी झोपले. सिलिंडरवाला माझ्या मागे झोपला.

हे सगळं चालून गेलं असतं. अडलं ते हाकांवर. संध्याकाळी शेवटचं मूल घरी गेलं की मावशी रिकाम्या खोलीच्या दारात उभ्या राहायच्या आणि आत बघून एकेका मुलाला नावाने हाक मारायच्या. चल बाबू, घरी चल. मी विचारलं तेव्हा, छत्री वाळत का घातली हे सांगावं इतक्या साधेपणाने त्यांनी सांगितलं की पोर खेळताना बाटली विसरतं, तसं स्वतःतलंही थोडं विसरून जातं. ते मागनं धाडायला लागतं, न्हाय तर पोराला रात्री चैन पडत न्हाय.

एक आई खरोखरच विसरलेली बाटली न्यायला परत आली. मुलगा तिच्या खांद्यावर गाढ झोपला होता. अंधाऱ्या खोलीतून त्याच्या नावाची हाक आली आणि तो डोळे न उघडता तिच्या कानात म्हणाला, "आलो."

दुसऱ्या दिवशी ती फादरांकडे गेली. फादर म्हणाले, असले प्रकार आपल्या आवारात नकोत. मावशींना थांबवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. त्यांनी वाद घातला नाही. "बरं बाई," एवढंच म्हणाल्या आणि त्या संध्याकाळी खोलीकडे न बघता गेल्या.

त्यानंतर घराघरांतून एकच तक्रार येऊ लागली. मुलं दिवे लागले की रडतात. आपल्याच घरात, आपल्याच आईच्या मांडीवर बसून म्हणतात, मला घरी जायचंय. मी म्हटलं, हवा बदलली आहे, जंत झाले असतील. जंताचं औषधही दिलं. शेवटी तीच बाटलीवाली आई माझ्यासमोर येऊन बसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मॅडम, मारू द्या त्यांना हाका. काय असेल ते असो."

मी वेळापत्रकात शेवटी 'समारोप उपक्रम' असं लिहिलं. फादरांनी वाचून कौतुक केलं. त्या रात्रीपासून मुलं झोपू लागली. औषध उशिरा लागू पडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

गुडघे गेले तेव्हा मावशी लेकीकडे वसईला जायला निघाल्या. हाका आता मी मारायच्या हे ठरलं. जाताना त्या माझ्या कानाशी आल्या आणि लहानपणी आई त्यांना ज्या नावाने बोलवायची ते सांगितलं. आता ते कुणालाच ठाऊक न्हाय, म्हणाल्या. "पोरांची झाली की शेवटी माझं घ्या. इतकी वर्षं काढली, मी पण इथं राहिले असेन."

मुलांची नावं मी त्या संध्याकाळी नीट घेतली. मावशींचं घेतलं नाही. कारण व्यवहाराचं होतं. मावशींच्या जागी आलेली नवीन ताई तरुण आहे, तिला मुलं झोपवायची धास्ती होती. आणि दुसऱ्या दुपारी ती चटयांच्या मधे नुसती जाऊन बसली तर सगळी खोली झोपली. मी दारातून ऐकलं. ताईचा श्वास तिच्या स्वतःच्या घाबरटपणाने भराभर चालला होता. मुलं ज्याच्याबरोबर झोपली होती तो संथ होता, खोल होता आणि खोलीच्या मधोमध होता. चांगली चाललेली गोष्ट मी कधी मोडत नाही.

मग वसईहून फोन आला. लेक म्हणाली, आई जेवते, औषध घेते, पण नुसती बसून असते, समोर असून नसल्यासारखी. फोन मावशींकडे गेला. त्या म्हणाल्या, "बाई, झोप लागत न्हाय हो."

त्या संध्याकाळी मी दारात उभी राहिले. चटया गुंडाळलेल्या होत्या, भिंतीवर ते कोऱ्या चेहऱ्याचं कार्ड होतं. मी ते नाव घेतलं, मोठ्याने, जमेल तितकं त्यांच्या आईसारखं. म्हटलं, चल, घरी चल. माझ्या बाजूने काहीतरी गेलं. पावलांचा आवाज आला नाही.

लेकीने सकाळी कळवलं, आई उन्हं वर आली तरी गाढ झोपली आहे. आमच्याकडे त्या दुपारी एकही मूल झोपलं नाही. नवीन ताईला मी आता थोपटायला शिकवते आहे.