गाऱ्हाण्यातला ठराव

आमच्या संस्थेची वार्षिक सभा गणपतीच्या दुसऱ्या दिवशी व्हायची. घटनेत तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण विश्वस्तांपैकी बहुतेक मुंबईचे, आणि मुंबईची माणसं गावात एकत्र सापडणार ती चतुर्थीलाच. तेव्हा सभा अध्यक्षांच्या घरी, गणपतीवरच्या लाकडी माटवीला टांगलेल्या काकड्या-कवंडळांच्या खाली. वेळ दुपारची आरती आणि जेवण यांच्या मधली. पडवीत भजनी मंडळी ताटकळत बसलेली, आतून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास येतोय. अशा वेळी हिशेबावर प्रश्न काढणारा माणूस किती नतद्रष्ट दिसतो, ते इथे वाढलेल्यालाच कळेल.

संस्था काढली ती गावातल्याच एका डॉक्टरांनी. भातलावणीच्या दिवसांत बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहतात आणि त्यातल्या काहींना ताप भरतो. त्या तापाचा अभ्यास व्हावा, आणि आजूबाजूच्या गावांतल्या मुलींना प्रयोगशाळेचं काम शिकवून पायावर उभं करावं, एवढीच त्यांची इच्छा. मुंबईत मिळवलेलं बरंचसं त्यांनी यात घातलं आणि घटनेत दोन अटी घातल्या. ठेवीचं मुद्दल मोडायचं नाही. आणि कुठल्याही विश्वस्ताने संस्थेतून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. ते गेले आणि त्यांचे पुतणे अध्यक्ष झाले. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. विश्वस्त मंडळात एक बाई हवी आणि एक विज्ञानाचं माणूस हवं, अशा दोन जागा माझ्या एकटीत भरल्या. लिहायला बरी म्हणून चिटणीसही मीच. खजिनदार होते बँकेतून निवृत्त झालेले एक ख्रिस्ती गृहस्थ. आमच्याच गावचे, चर्चच्या वाडीतले. त्यांना सगळे मॅनेजर म्हणत आणि ते मला बाय म्हणत. सभेला आम्ही त्यांच्याच जुन्या गाडीतून जायचो.

त्यांच्यावर माझा संशय कधी बसला, ते सांगता येत नाही. ठरवून कोणी काही सांगितलं नव्हतं. भाऊ एकदा सहज म्हणाले होते, "मॅनेजरांच्या घराला नवीन लाद्या बसल्या, बघितल्यात? छान आहेत." बस्स, एवढंच. त्यानंतर त्यांच्या पडवीत पाय ठेवला की माझं लक्ष खाली जायचं. त्यांचा मुलगा गोव्यात रसायनांचा धंदा करतो. आमच्या प्रयोगशाळेचा काही माल त्याच्याकडून यायचा. ही गोष्ट मॅनेजरांनी पहिल्याच सभेत उभं राहून सांगितली होती आणि दर ठरवायची वेळ आली की ते उठून बाहेर जायचे. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण एकदा मनात किडा शिरला की बाहेर जाणंसुद्धा नाटक वाटायला लागतं. इतका साळसूदपणा कशाला, असं वाटायचं. मी बोलत काहीच नव्हते. न बोलणाऱ्या माणसाचा संशय आतल्या आत मुरतो, लोणच्यासारखा.

मग ती चतुर्थी आली. भाऊंनी सभेत संशोधक-निवासाची गोष्ट काढली. बाहेरून शास्त्रज्ञ येतात, त्यांना राहायला जागा नाही. बांधू या. जागा माझीच आहे, वरच्या माळावर, सड्यावर, समुद्र दिसतो, संस्थेला वापरायला देतो.

मॅनेजर म्हणाले, "वापरूक म्हणजे? भाड्यान, काय बक्षीसपत्रान?"

"अहो, घरातलाच व्यवहार. ते बघू नंतर."

"आणि पैशे खंयचे?"

"ठेवीतले."

"ती मोडूक येवची नाय, भाऊ. तुमच्या काकांनीच तसा लिवन ठेवलाहा."

भाऊ हसले. बाहेर झांजा वाजायला लागल्या होत्या. मुंबईच्या एका विश्वस्तांनी पोटावरून हात फिरवत म्हटलं, "मॅनेजरानू, आधी जेवक तरी देवा!" सगळे हसले. मीही हसले. विषय तिथेच सुटला, असं मला वाटलं.

जेवणाआधी भाऊ गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली घरादाराची विनवणी. घरातला कर्ता एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत होकार भरतात. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलंय, की वाक्य संपायच्या आधी तोंडातून होकार निघून जातो. वाक्यात काय होतं, ते कोण ऐकतो?

भाऊ एरवी माझ्यासारखंच पुस्तकी मराठी बोलायचे, पण देवाशी मालवणीत.

"बा देवा गणपती म्हाराजा! आज जी काय सेवा लेकरांनी केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चुकला माकला पदरात घे, मुंबैक गेलेल्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काकांनी ह्या गावासाठी जा काम काढलाहा, त्याका येणाऱ्या इद्वानांका रवाक सड्यावर घर उभा रवांदे, संस्थेचो पैसो त्या घराक लागांदे, आणि कोणाच्या मनात किल्मिष आसात तर ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणाले. म्हणून झाल्यावर कानात शिरलं. मॅनेजर माझ्या शेजारी उंबऱ्यापाशी हात जोडून उभे होते. दर वर्षी ते आमच्या गाऱ्हाण्यात होकार भरायचे. आमच्याकडे त्यात कोणाला नवल वाटत नाही. या वेळी पहिल्या दोन वाक्यांना त्यांनी भरला. तिसऱ्याला त्यांचे ओठ मिटलेले होते. बाकी सगळ्यांची नजर मूर्तीकडे होती. पाहिलं ते मी एकटीने.

परतताना गाडीत ते म्हणाले, "बाय, मी 'व्हय' म्हणूक नाय. तू बघितलंस."

"हो."

"मगे तसा लिव. खजिनदाराची हरकत, म्हणान लिव. बाकी काय नको माका."

मी म्हटलं, "बघते."

दोन दिवसांनी मुंबईला परतण्याआधी भाऊ आमच्याकडे आले. चहा घेतला. म्हणाले, "इतिवृत्तात निवासाचा ठराव एकमताने मंजूर, असं घ्या. देवासमोर सगळे 'व्हय' म्हणालेत." मग सुपारी कातरता कातरता सहज म्हणाले, "तुम्ही पुढेमागे निवृत्त झालात की संस्थेच्या शिक्षण विभागाच्या प्रमुख तुम्हीच. मानधनावर. घटनेतली ती विश्वस्तांची अट जुनी झाली, बदलू."

मी 'एकमताने' असं लिहिलं. सभेत ठराव मांडला गेला नव्हता, मतं घेतली नव्हती. गाऱ्हाण्यातलं एक वाक्य उचलून मी कागदावर ठेवलं आणि त्याला ठराव म्हटलं. खर्चासाठी अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार या तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालायच्या. मॅनेजरांनी केली नाही. एक भाऊंची झाली, दुसरी माझी. त्या मानधनासाठी केली का? तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आता वाटतं. आणि गंमत अशी, की विश्वस्त असून संस्थेतून काहीतरी काढून घेण्याचा जो संशय मी मॅनेजरांवर घेत होते, ते काम करायला मीच तयार झाले होते.

घर उभं राहिलं, भाऊंच्या जमिनीवर. संस्थेच्या नावाचा एकही कागद झाला नाही. शास्त्रज्ञ एकदा येऊन राहिले. मग पर्यटक यायला लागले. समुद्र दिसणाऱ्या खोल्या, मासळीचं जेवण, गेटवर इंग्रजी पाटी. ठेव मोडल्यामुळे व्याज आटलं. मुलींचा वर्ग बंद झाला. प्रयोगशाळेतला मोठा फ्रीझर बंद पडला तेव्हा दुरुस्तीलाही पैसे नव्हते, आणि लावणीच्या बायकांनी हात पुढे करून तपासणीला दिलेलं रक्त त्यात वितळून वाया गेलं.

लोक विचारायला लागले, पैसा गेला कुठे? संस्थेत खजिनदार नावाचं पद असलं की उत्तर शोधावं लागत नाही. बाजारात मासे घेताना कोळणीने मला विचारलं, "काय गो बाई, तुमचो खजिनदार खजिनो राखता काय चाखता?" शेजारच्या बायका खिदळल्या. तिनेही त्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. ठेव कशात गेली, ते मला माहीत होतं. मी बांगडे पिशवीत घातले आणि म्हटलं, "माका काय ठावक?"

तेवढं एक वाक्य पुरलं. चिटणीसबाईंनाच ठाऊक नाही म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं गावाने ठरवलं. मॅनेजरांची बायको बाजारात यायची थांबली. चर्चच्या सणाचा हिशेब वर्षानुवर्षं ते सांभाळायचे, तोही त्या वर्षी दुसऱ्याकडे गेला.

मग धर्मादाय कार्यालयात चौकशीचा अर्ज गेला. मॅनेजरांनीच केलेला. आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या मनात आलं ते हेच, की चोराच्या उलट्या बोंबा तर नसतील?

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी भाऊंचा फोन आला. आवाज मऊ होता. "घाबरू नका. तुम्ही एवढंच सांगायचं. मॅनेजरही 'व्हय' म्हणाले होते. तुम्ही शेजारी होतात, तुमचा शब्द चालेल."

मग ते म्हणाले, "नाहीतर सही तुमची आहे, हे लक्षात असू द्या."

इतकी वर्षं मी मॅनेजरांवर संशय घेतला, फोनवरच्या या माणसावर कधीच घेतला नव्हता. का? तो नम्र होता, देवभोळा होता, आमच्यातला होता. फोन ठेवल्यावर मला कळलं, की उद्या मी काय बोलते यावर एका माणसाचं नाव राहणार किंवा जाणार आहे; आणि त्याचे मिटलेले ओठ पाहिलेली दुसरी कोणी नाही.

ओरोसला धर्मादाय कार्यालयातल्या खोलीत पंखा कुरकुरत होता. भाऊ, त्यांचे वकील, मॅनेजर आणि मी. अधिकारी तरुण होते, बोलणं शुद्ध, कार्यालयीन.

"ठराव एकमताने झाला, हे आपणच लिहिलेलं आहे?"

"मीच. पण ठराव झालाच नव्हता."

मग मी सांगितलं. माटवी, आरती, गाऱ्हाणं, तिसरं वाक्य, सगळं. अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. ओठांवर आलेलं हसू त्यांनी आवरलं असावं. तेही इकडचेच असणार. मग एकदम कार्यालय विसरून त्यांनी विचारलं, "आणि तुमी 'व्हय' म्हटलास?"

"म्हटलं. सहीसुद्धा केली. मला मानधनाचं आमिष होतं. खजिनदार मात्र 'व्हय' म्हणाले नाहीत. हरकत लिहा म्हणून त्यांनी मला सांगितलं होतं, मी लिहिली नाही."

भाऊंचे वकील म्हणाले, "या बाई स्वतःला वाचवायला बघताहेत."

"यात माझं काय वाचतंय?" मी विचारलं. वकिलांनी कागद चाळायला घेतले. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. मॅनेजर माझ्याकडे बघत होते, पण त्या नजरेत आभार नव्हते.

चौकशी अजून चालू आहे. मी विश्वस्तपद सोडलं. सहीची जबाबदारी माझ्यावर येईल ती येईल. त्या घराचं काय होईल, ठाऊक नाही. पण सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीचं.

मी बसची वाट बघत उभी होते. जुनी गाडी पुढ्यात थांबली. "बस," मॅनेजर म्हणाले. मी बसले आणि लगेच मनात आलं, आता याला काय हवंय? सवय जात नाही. कसाल गाव मागे पडलं.

मग म्हणाले, "बाय, एक विचारू? तू माझ्या लागी बसणारी. तुका कधी वाटला, मी खाल्लंय म्हणान?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. "वाटलं," मी म्हटलं. "बरीच वर्षं."

त्यांनी गिअर बदलला. "बरा झाला सांगलंस. 'नाय' म्हटलंस असता तर तुका हयच उतरवलं असतंय."

घरापाशी आल्यावर म्हणाले, "चाय घेवन जा." मी पडवीत चढले. त्यांची बायको दारात आली, माझ्याकडे न बघता पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. मी तांब्या उचलायला वाकले आणि माझी नजर लाद्यांवर गेली. मॅनेजरांनी ते बघितलं.

"हिच्या म्हायेरच्या वाटणीचे पैशे आसत ते," ते म्हणाले. "पावती आसा. दाखवू?"

'छे छे, कशाला' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. आमच्याकडे असंच म्हणतात. ठेव मोडताना, भाऊंकडे जागेचा कागद मागायचा होता तेव्हा, मी तेच म्हटलं होतं.

"दाखवा," मी म्हटलं.

ते हसले, कितीतरी दिवसांनी, आणि आत वळून बायकोला ओरडून म्हणाले, "अगो, कपाटातलो तो डबो हाड! आमच्या सेक्रेटरीबाय आज कामाक लागल्या!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. डबा मात्र आला.